नाईव्ह बेज दर वेळी ०.९९ का सांगतो? फाजील खात्रीचं निदान आणि उपाय

लक्षण ओळखायला सोपं आहे. संदेश किंवा तक्रारी वर्गवार लावणारं नाईव्ह बेज मॉडेल तयार आहे, टेस्ट डेटावर अचूकता नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे, आणि तरी संभाव्यतेचा रकाना उघडला की जवळपास सगळीकडे ०.९९९ किंवा ०.००१ असेच आकडे दिसतात. मधलं काही नाही. ज्या संदेशावर माणूसही दोनदा विचार करेल, त्याबद्दल मॉडेल छातीठोकपणे ०.९९८ सांगतं, आणि अशा खात्रीच्या उत्तरांतली बरीच चुकीची निघतात. मग कुणी स्मूदिंग (न दिसलेल्या शब्दांनाही थोडी मोजणी देणं) बदलतं, कुणी डेटा वाढवतं. थोडं बरं वाटतं आणि पुढच्या ट्रेनिंगला तेच दुखणं परत येतं.

परत येतं, कारण बिघाड ग्राफमध्ये असतो आणि मलमपट्टी आकड्यांवर केली जाते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नाईव्ह बेज हे सर्वांत साधं ग्राफिकल मॉडेल आहे: वरती वर्गाचा एक नोड (बिंदू), त्याच्यापासून प्रत्येक शब्दाकडे जाणारा एक बाण, आणि शब्दाशब्दांमध्ये एकही बाण नाही. न काढलेला प्रत्येक बाण हे एक विधान असतं. वर्ग ठरला की हे दोन शब्द एकमेकांबद्दल काहीही सांगत नाहीत, असं ते विधान म्हणतं. ते खोटं असेल तर मॉडेल एकच पुरावा अनेकदा मोजतं.

उदाहरणासाठी सगळ्यांच्या मोबाइलवर येऊन गेलेला प्रकार घेऊ: ‘आपले वीज कनेक्शन आज रात्री ९.३० वाजता तोडले जाईल, तातडीने या नंबरवर संपर्क करा’ असा फसवा संदेश. वीज कंपनीचे खरे संदेशही येतात, त्यांतही वीज, बिल, कनेक्शन हे शब्द असतात. फसवे आणि खरे वेगळे करायचे आहेत.

आधी खात्री करून घ्या

अचूकतेचा आकडा इथे उपयोगाचा नाही. ट्रेनिंगमध्ये न वापरलेला डेटा घ्या आणि मॉडेलच्या संभाव्यतेनुसार त्याचे दहा गट पाडा: ० ते ०.१, ०.१ ते ०.२, असे. प्रत्येक गटात मॉडेलने सरासरी किती संभाव्यता सांगितली आणि खरोखर किती टक्के संदेश फसवे निघाले, हे दोन आकडे शेजारी मांडा. वरच्या गटात मॉडेलची सरासरी ०.९८ असेल आणि शंभरातले ८१च फसवे निघत असतील, तर फाजील खात्रीच्या दुखण्याबद्दल शंका उरत नाही. मधले गट जवळजवळ रिकामे असणं हीसुद्धा याच दुखण्याची खूण.

जोडीला लॉग लॉस पाहा, म्हणजे चुकीच्या उत्तरावर जितकी जास्त खात्री तितका मोठा दंड करणारं माप. ०.९९९ खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर लॉग लॉसमध्ये ६.९ ची भर घालतं, ०.६ खात्रीने दिलेलं चुकीचं उत्तर फक्त ०.९२ ची. अचूकतेच्या लेखी दोन्ही चुका सारख्याच. हवामान अंदाजांसाठी ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली मांडलेला ब्रायर स्कोअरही (सांगितलेली संभाव्यता आणि प्रत्यक्ष घडलेलं यांत किती अंतर पडलं याचं माप) इथे चालतो. पावसाची संभाव्यता ७० टक्के सांगितली तर तशा दिवसांपैकी साधारण ७० टक्के दिवस पाऊस पडायला हवा, ही अपेक्षा वर्गीकरणालाही लागू आहे.

आणखी एक चाचणी मला फार मोलाची वाटते आणि ती क्वचितच केली जाते. संदेशांचे लांबीनुसार दोन भाग करा, आखूड आणि लांब, आणि वरचा तक्ता दोन्हींसाठी वेगळा काढा. आखूड संदेशांत मॉडेल बऱ्यापैकी प्रामाणिक आणि लांब संदेशांत बेफाम असेल, तर तोच पुरावा पुन्हा पुन्हा मोजला जातोय, कारण शब्द वाढले की पुनरावृत्तीला वाव वाढतो. दोन्हीकडे सारखाच बिघाड असेल, तर वर्गांचं मूळ प्रमाण तपासा. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एकच पुरावा चारदा

हिशोब हाताने करून पाहिला की गोष्ट पक्की बसते. समजा, शंभरातले २० संदेश फसवे असतात, म्हणजे फसवे-खरे हे गुणोत्तर ०.२५. ‘वीज’, ‘कनेक्शन’, ‘रात्री’, ‘तोडले’ या प्रत्येक शब्दाचं वजन ६ आहे, म्हणजे तो शब्द फसव्या संदेशात खऱ्याच्या सहापट वेळा येतो. आणि समजा, हे चारही शब्द नेहमी एकत्रच येतात. तर एक दिसला की उरलेले तीन दिसणारच, ते नवीन काहीच सांगत नाहीत. खरं गुणोत्तर ०.२५ गुणिले ६, म्हणजे १.५. संभाव्यता १.५ भागिले २.५, म्हणजे ०.६. माणसाने एकदा नजर टाकावी असा संदेश.

नाईव्ह बेज चारही वजनं गुणतो. ६ चा चौथा घात १२९६, गुणिले ०.२५ म्हणजे ३२४. संभाव्यता ०.९९७. गावातल्या एकानेच उठवलेली बातमी चौघांच्या तोंडून ऐकावी आणि चार साक्षीदार मिळाले असं समजावं, तसं झालं.

उलट बाजूलाही हेच होतं. बर्नूली प्रकारचं मॉडेल शब्दाची गैरहजेरीसुद्धा मोजतं. ते चार शब्द नसले की चार वेळा ‘नाही’ मोजलं जातं आणि आकडा ०.००१ कडे ढकलला जातो. दोन्ही टोकांना गर्दी आणि मध्ये शुकशुकाट, तो असा.

नेहमी केला जाणारा एक उपाय इथे उलटा पडतो. शब्दांच्या जोडीला दोन-दोन शब्दांच्या जोड्याही फीचर (मॉडेलने मोजायची गोष्ट) म्हणून टाकल्या की मॉडेलला संदर्भ कळेल, असं वाटतं. पण ‘वीज’, ‘कनेक्शन’ आणि ‘वीज कनेक्शन’ ही तिन्ही फीचर ठेवली तर तोच पुरावा तिसऱ्यांदा मोजला जाईल. अचूकता किंचित वाढेलही, संभाव्यता मात्र आणखी बिघडेल. नाईव्ह बेजमध्ये जोड्या घ्यायच्या असतील तर त्यांतले सुटे शब्द काढून टाका.

अचूकतेला हे का दिसत नाही

वर्ग निवडताना फक्त कुठली बाजू जड हे पाहिलं जातं. १.५ चं ३२४ झालं तरी पारडं त्याच बाजूला झुकतं, म्हणून उत्तर बदलत नाही. पेद्रो डोमिंगोस आणि मायकल पाझानी यांनी १९९७ साली हेच गणिताने दाखवलं: शब्द परस्परस्वतंत्र आहेत हे गृहीतक सपशेल मोडलेलं असतानाही वर्ग निवडण्यापुरता हा वर्गीकारक उत्तम ठरू शकतो. त्याआधीचं वैद्यकातलं उदाहरणही बोलकं आहे. १९७२ साली इंग्लंडमध्ये लीड्स इथे डी डोंबल आणि सहकाऱ्यांनी पोटात अचानक उठणाऱ्या दुखण्याच्या ३०४ रुग्णांवर बेजचा हिशोब चालवला आणि ९१.८ टक्के निदानं बरोबर आली. मळमळ आणि उलटी ही लक्षणं परस्परस्वतंत्र नाहीत हे कुणालाही कळतं, तरी निदान जमलं.

त्यामुळे ‘अचूकता चांगली आहे ना, मग सोडा’ हा सल्ला काही वेळा योग्यच असतो. फक्त वर्ग हवा असेल, आकडा कुणी बघणार नसेल, तर हात लावू नका. पण त्या आकड्यावर काही ठरत असेल तर सोडून चालत नाही. ०.९५ च्या वरचे संदेश आपोआप अडवायचे असतील, मधले माणसाकडे पाठवायचे असतील, किंवा हा आकडा दुसऱ्या मॉडेलच्या आकड्याशी गुणायचा असेल, तर खोट्या खात्रीचा फटका थेट बसतो. एखाद्याचा खराखुरा वीजबिलाचा संदेश अडवला गेला तर त्याची बिल भरायची तारीख चुकते. माणसाकडे जायला हवा होता तो संदेश माणसापर्यंत पोचतच नाही.

मजकूर देवनागरी असेल तर आधी टोकन (मजकुराचे तोडलेले शब्द) उघडून पाहा

मराठी किंवा हिंदी मजकुरावर काम करणाऱ्यांनी ग्राफकडे वळण्याआधी इथे थांबावं. बिघाड बऱ्याचदा इथेच सापडतो, आणि सापडला की फुकटात दुरुस्त होतो.

सायकिट-लर्न या पायथनमधल्या मशीन लर्निंगच्या लायब्ररीत काउंट-व्हेक्टरायझर हे शब्द मोजणारं साधन आहे. त्यात शब्द तोडण्याचा जो नमुना ठरलेला आहे, तो पायथनच्या व्याख्येनुसार ‘अक्षर’ असलेली दोन किंवा जास्त चिन्हं सलग आली की त्यांना शब्द मानतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हं त्या व्याख्येत अक्षरं नाहीत. त्यामुळे शब्द मात्रेपाशी तुटतो, आणि एकाच अक्षराचा उरलेला तुकडा फेकला जातो.

‘प्रिय ग्राहक, आपले वीज कनेक्शन आज रात्री ९.३० वाजता तोडले जाईल’ या वाक्यातून बाहेर काय येतं ते पाहा: ‘हक’, ‘आपल’, ‘कन’, ‘शन’, ‘आज’, ‘३०’, ‘जत’, ‘डल’, ‘ईल’. बस. ‘वीज’ आणि ‘रात्री’ हे दोन महत्त्वाचे शब्द पूर्ण गायब. ‘कनेक्शन’ या एका शब्दाचे ‘कन’ आणि ‘शन’ असे दोन तुकडे झाले, आणि ते कायम एकत्र येणार म्हणून एकाच शब्दाचा पुरावा दोनदा मोजला जाणार. ज्या पुनरावृत्तीबद्दल आपण बोलतोय ती इथे टोकन पाडतानाच तयार झाली. वर ‘शन’ हा तुकडा ‘पेन्शन’ आणि ‘स्टेशन’मधूनही निघतो, म्हणजे निवृत्तिवेतनाचा संदेश आणि रेल्वेचा संदेश दोन्ही वीज तोडण्याच्या धमकीशी जोडले जातात. चूक दिसणारा कुठलाही इशारा येत नाही, मॉडेल शांतपणे ट्रेन होतं आणि अचूकताही बरी येते.

उपाय सोपा आहे. नमुना बदला: युनिकोडमधला देवनागरीचा पूर्ण पट्टा, ०९०० पासून ०९७एफ पर्यंत, सलग आला की एक शब्द, असं सांगा. नाहीतर साधं दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेवर तोडा आणि विरामचिन्हं आधी काढून टाका.

पण त्याच्याही आधी एक पायरी आहे, आणि क्रम महत्त्वाचा आहे. मराठीतला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द नुक्त्याच्या ऱ ने लिहिला जातो, तसाच साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह घालून ‘दुसर्‍या’ असाही लिहिला जातो. पडद्यावर फरक दिसत नाही, संगणकाला मात्र हे दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन या दोन्हींना एक करत नाही. आणि ते जोडचिन्ह देवनागरीच्या पट्ट्याबाहेरचं असल्यामुळे वरचा नवा नमुना दुसऱ्या पद्धतीचा शब्द मधोमध तोडतो. ‘ॲप’मधल्या ॲ चंही तसंच: एक स्वतंत्र चिन्ह, आणि अ वर चंद्र दिलेली जोडी. आधी ही रूपं एक करून घ्या, मग शब्द तोडा.

विभक्तीचा प्रश्न वेगळा. वीज, विजेचे, विजेच्या, वीजबिल ही रूपं वेगळी मोजली गेली तर पुरावा पातळ होतो, दुप्पट नाही. त्याचा त्रास स्मूदिंगच्या वेळी होतो.

साचा हा लपलेला नोड आहे

टोकन नीट झाले, तरी ०.९९ हटत नाही. आता ग्राफ.

ते चार शब्द एकत्र का येतात, हे विचारलं की उत्तर मिळतं. फसवणारे प्रत्येक वेळी नव्याने मजकूर लिहीत नाहीत. एक मजकूर तयार करून हजारोंना पाठवतात, नंबर आणि वेळ तेवढी बदलतात. शब्दांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे तो साचा. खरा ग्राफ असा आहे: वर्गापासून साच्याकडे बाण, साच्यापासून शब्दांकडे. साचा माहीत असेल तर शब्द जवळजवळ परस्परस्वतंत्र होतात. तो माहीत नसेल, म्हणजे लपलेला असेल, तर फक्त वर्ग सांगून ते स्वतंत्र होत नाहीत. जुदिआ पर्ल यांच्या परंपरेतला डी-सेपरेशनचा (ग्राफ पाहून कोण कोणापासून स्वतंत्र हे ठरवण्याचा) नियम कागदावर लावला तरी हे लगेच दिसतं: शब्द-साचा-शब्द ही वाट वर्गाने अडत नाही.

या विचाराचा व्यवहारातला फायदा मोठा आहे. शब्दाशब्दांत शेकडो बाण काढण्याऐवजी एक नोड वाढवला की काम होतं. सगळ्यात साधा मार्ग असा: जवळजवळ सारखे संदेश एकत्र गटात टाका, त्या गटाचा क्रमांक म्हणजे साचा. अंक आणि लिंक काढून टाकून उरलेल्या मजकुराची तुलना केली तरी बहुतेक गट सापडतात. एकाच साच्याचे ४०० संदेश ट्रेनिंगमध्ये असतील तर मॉडेल त्यांना ४०० वेगळे अनुभव समजतं, प्रत्यक्षात तो एकच अनुभव आहे. प्रत्येक साच्यातून मोजकेच संदेश ठेवा, किंवा त्यांचं वजन कमी करा.

ट्रेनिंग आणि टेस्टचे भाग पाडतानाही साचा फोडू नका. एका साच्याचे काही संदेश इकडे आणि काही तिकडे गेले तर टेस्टमध्ये मॉडेल पाठ केलेलं म्हणून दाखवतं आणि दुखणं झाकलं जातं. सायकिट-लर्नमध्ये ग्रूप-के-फोल्ड त्यासाठीच आहे. हे केल्यावर अचूकता घसरलेली दिसेल. ती घसरण खरी आहे. नव्या साच्याचा संदेश आला की मॉडेल तसंच वागणार होतं.

जोड्या मोजा, मग बाण काढा

साचा हाताशी लागत नसेल, किंवा फीचर शब्द नसून अर्जातले रकाने असतील, तर कुठला बाण राहिलाय ते मोजून काढावं लागतं. मोजायचं एका वर्गाच्या आत, हे विसरू नका. सगळा डेटा एकत्र घेऊन दोन शब्दांचा संबंध काढला तर वर्गामुळे येणारा संबंधही त्यात मिसळतो आणि जिथेतिथे बाण दिसू लागतात.

समजा, २०० फसव्या संदेशांपैकी ८० मध्ये ‘रात्री’, ८० मध्ये ‘तोडले’, आणि ७६ मध्ये दोन्ही आहेत. दोन्ही स्वतंत्र असते तर एकत्र ३२ वेळा आले असते. ८०० खऱ्या संदेशांत ‘रात्री’ ४८ वेळा, ‘तोडले’ १६ वेळा, दोन्ही ९ वेळा, अपेक्षा एकाची. नाईव्ह बेजच्या हिशोबात या दोन शब्दांचं मिळून वजन १३३ होतं. प्रत्यक्ष मोजलेलं एकत्र वजन ३४ च्या आत आहे. ०.२५ च्या सुरुवातीवरून एक हिशोब ०.९७ ला पोचतो, दुसरा ०.८९ ला. आणि हे फक्त दोन शब्दांचं झालं.

हेच सगळ्या जोड्यांसाठी एका आकड्यात मांडायचं असेल तर वर्ग दिलेला असतानाची परस्पर माहिती (एक शब्द कळला की दुसऱ्याबद्दल किती कळतं याचं माप) काढतात. ज्या जोड्यांचा आकडा ठळकपणे मोठा, तिथे बाण हवा. मोजक्याच जोड्या वर आल्या तर त्यांचं एकच फीचर करा, ‘रात्री आणि तोडले दोन्ही आहेत का’ असं, आणि सुटे शब्द काढा. माझ्या मते, रकाने कमी असतील तेव्हा याहून स्वस्त आणि समजायला सोपा उपाय नाही. युनिट आणि बिलाची रक्कम हे दोन रकाने शेजारी ठेवून दोन्ही मोजणाऱ्या मॉडेलला गणिताची नाही, एक रकाना खोडण्याची गरज असते.

जोड्या पुष्कळ असतील तर बाणांचं झाड काढा, म्हणजे कुठेही वेटोळं न होणारी जोडणी. चाऊ आणि लिऊ यांनी १९६८ साली दाखवलं की परस्पर माहितीची वजनं लावून सर्वांत जड झाड निवडलं, की झाडाच्या आकारात बसणारं सर्वोत्तम मॉडेल मिळतं. नीर फ्रीडमन, डॅन गायगर आणि मोइसेस गोल्डश्मिट यांनी १९९७ साली ते वर्गीकरणासाठी वळवलं: प्रत्येक फीचरला वर्गाशिवाय आणखी फक्त एक पालक, म्हणजे त्याच्याकडे बाण पाठवणारा नोड, मिळतो. टॅन या नावाने ते ओळखलं जातं. डोमिंगोस-पाझानींचा लेख आणि हा लेख ‘मशीन लर्निंग’ या नियतकालिकाच्या एकाच अंकात पाठोपाठ छापलेले आहेत. एक सांगतो नाईव्ह असूनही का चालतं, दुसरा सांगतो त्यात भर कशी घालायची. दोन्ही एका बैठकीत वाचावेत. पायथनमध्ये पीजीएमपाय लायब्ररीच्या ट्री-सर्चमध्ये टॅनची सोय आहे, आर भाषेत बीएनलर्न लायब्ररीत.

टॅन लावताना दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं, आकार. ५,००० शब्द म्हणजे जवळपास सव्वा कोटी जोड्या. आधी शब्द निवडून २०० वर आणा, मग १९,९०० जोड्याच उरतात. दुसरं, डेटा पातळ होतो. आधी प्रत्येक शब्दासाठी वर्गागणिक एक आकडा हवा होता, आता वर्ग आणि पालक यांच्या प्रत्येक जोडीला वेगळा हवा. पालक रकान्यात दहा मूल्यं असतील तर तक्ता दहापट होतो आणि कित्येक खाने रिकामे राहतात. तिथे स्मूदिंग नसेल तर टॅन नाईव्हपेक्षाही जास्त फाजील खात्रीने बोलतो. मूळ लेखातही या दुबळ्या खान्यांसाठी वेगळं स्मूदिंग वापरलेलं आहे.

लेबल लावलेला डेटा भरपूर असेल आणि काम फक्त संभाव्यतेपुरतंच असेल, तर लॉजिस्टिक रिग्रेशनकडे वळायला संकोच नको. त्यात सगळी वजनं एकत्र शिकली जातात, त्यामुळे एकत्र येणारे चार शब्द एकच वजन आपसात वाटून घेतात. अँड्र्यू एंग आणि मायकल जॉर्डन यांनी २००१ साली दाखवलं की डेटा कमी असताना नाईव्ह बेज आपल्या मर्यादेपर्यंत लवकर पोचतो आणि डेटा वाढला की लॉजिस्टिक पुढे जातं. रकाने अधूनमधून रिकामे येत असतील, लेबल थोडी असतील, किंवा कुठल्या पुराव्यामुळे काय ठरलं हे कुणाला समजावून सांगायचं असेल, तर ग्राफ सोडू नका.

स्मूदिंग आणि शून्य

एखादा शब्द एका वर्गात कधीच आला नसेल तर त्याची संभाव्यता शून्य, आणि एका शून्याने सगळा गुणाकार शून्य. म्हणून प्रत्येक मोजणीत अल्फा नावाची छोटी भर घालतात, तेच स्मूदिंग. पण सायकिट-लर्नमधला ठरलेला अल्फा १.० हा लहान वर्गावर फार जड पडतो. एका वर्गात एकूण २,००० शब्द आणि शब्दसंग्रह १०,००० चा असेल, तर २,००० खऱ्या मोजणीत १०,००० खोट्या मिसळल्या. २० वेळा आलेल्या शब्दाची संभाव्यता ०.०१ ऐवजी ०.००१७५ होते. मराठीत विभक्तीमुळे शब्दसंग्रह झपाट्याने फुगतो, म्हणून हा फटका मराठीला जास्त. ०.०१ पासून १ पर्यंतचे अल्फा लॉग लॉसवर तपासा, अचूकतेवर नाही.

स्वतः कोड लिहिलाय आणि उत्तरात ‘नॅन’ (‘हा आकडा नाही’ अशी खूण) येतोय, तर संभाव्यता गुणू नका, लॉग घेऊन बेरीज करा. ०.००१ चे १२० गुणाकार संगणकाच्या दशांश आकड्यांत मावतच नाहीत, शून्य होतात, आणि शेवटी शून्य भागिले शून्य. संभाव्यतेकडे परत येताना सर्वांत मोठा लॉग आधी वजा करा.

कॅलिब्रेशन शेवटी, आणि लॉगवर

ग्राफ शक्य तेवढा सुधारल्यावर उरलेली फाजील खात्री कॅलिब्रेशनने, म्हणजे मॉडेलचा आकडा प्रत्यक्ष प्रमाणाशी जुळवून घेऊन, उतरवता येते. सिग्मॉइड (एक ठरलेली एस-आकाराची वक्ररेषा बसवणारं) किंवा आयसोटोनिक (डेटानुसार पायऱ्यापायऱ्यांनी चढणारी रेषा बसवणारं), दोन्ही सायकिट-लर्नमध्ये तयार आहेत. हजाराहून बरेच कमी नमुने असतील तर आयसोटोनिक टाळा, ते थोड्या डेटावर पाठांतर करतं.

एक खाचखळगा मात्र माहीत असू द्या. सायकिट-लर्नमधल्या नाईव्ह बेजला निर्णयफलन (संभाव्यतेत न बदललेला कच्चा गुण देणारी सोय) नसतं, त्यामुळे तयार कॅलिब्रेशन त्याच्या संभाव्यतेवरच चालतं. ती आधीच ०.९९९९९ वर जाऊन चिकटलेली. तिथे थोडी खात्री आणि प्रचंड खात्री यांत फरक करायला जागाच उरत नाही. त्याऐवजी प्रेडिक्ट-लॉग-प्रोबाच्या (दोन वर्गांच्या संभाव्यतांचे लॉग देणाऱ्या सोयीच्या) दोन रकान्यांची वजाबाकी घ्या आणि ती एकच फीचर म्हणून लॉजिस्टिक रिग्रेशनला द्या. संदेशाची लांबी दुसरं फीचर म्हणून दिलीत तर लांब संदेशांची अतिशयोक्तीही आटोक्यात येते. यासाठीचा डेटा ट्रेनिंगमधला नको, आणि त्यातही साचे फोडू नका.

वर्गांचं मूळ प्रमाण

आखूड-लांब दोन्हींत सारखाच बिघाड दिसला होता त्यांच्यासाठी. ट्रेनिंगसाठी फसवे आणि खरे निम्मे-निम्मे घेतले, पण रोजच्या वाहत्या संदेशांत फसवे दोनच टक्के असतील, तर मॉडेलचं ०.९ हे त्या निम्म्या-निम्म्या जगातलं आहे. गुणोत्तर ९ ला ०.०२ भागिले ०.९८ ने गुणा, ०.१८ येतं, म्हणजे संभाव्यता ०.१६ च्या आतच. सायकिट-लर्नमध्ये हे मूळ प्रमाण क्लास-प्रायर म्हणून थेट देता येतं. कॅलिब्रेशन रोजच्या खऱ्या प्रमाणातल्या डेटावर केलं असेल तर ही दुरुस्ती त्यातच झालेली असते, पुन्हा करू नका.

संदेश सुटे नसून एका संभाषणातले असतील आणि एकाचा वर्ग पुढच्यावर परिणाम करत असेल, तर राहिलेला बाण शब्दांमध्ये नसून वर्गावर्गांमध्ये आहे. तिथे वरचं काहीही पुरणार नाही. जॉन लॅफर्टी, अँड्र्यू मॅकॅलम आणि फर्नांडो परेरा यांनी २००१ साली मांडलेल्या कंडिशनल रँडम फील्डपासून (ओळीने येणाऱ्या सगळ्या वर्गांचा एकत्र विचार करणाऱ्या मॉडेलपासून) सुरुवात करा.

दुरुस्तीनंतर दहा गटांचा तोच तक्ता नव्या डेटावर पुन्हा काढा. वरच्या गटातली सरासरी आणि प्रत्यक्ष प्रमाण जवळ आले असतील तर थांबा. फसवणूक करणाऱ्यांनी नवा साचा काढला की हा तक्ता पुन्हा बिघडेल, म्हणून तो दर महिन्याला ताज्या, हाताने तपासलेल्या संदेशांवर काढायची सोय करून ठेवा.